मेंदूची लॉग फाइल

टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल घ्या. दीड व्होल्टचा. त्या दीड व्होल्टचे तीस हजार सारखे तुकडे करा आणि त्यातला एकच उचला. होतात पन्नास मायक्रोव्होल्ट. डोळे मिटून निवांत बसलेल्या माणसाच्या मेंदूतली वीज कवटी ओलांडून डोक्याच्या कातडीपर्यंत पोचते ती साधारण एवढी, बऱ्याचदा याहूनही कमी. आणि ती मोजायची कुठे? जिथे भिंतीतून २३० व्होल्टची वायर गेलीय, डोक्यावर पंखा फिरतोय, पेशंट आवंढा गिळतोय आणि त्याचं हृदय प्रत्येक ठोक्याला मेंदूपेक्षा कितीतरी मोठा सिग्नल सोडतंय, अशा खोलीत.

ही मोजणी म्हणजे ईईजी. पूर्ण नाव इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम. ज्यांच्या घरात कुणाला फिट येतात (फेफरं, मिरगी, आकडी, अपस्मार, ज्याच्या घरी जो शब्द असेल तो), त्यांना हा प्रकार ठाऊक असतो. अपॉइंटमेंट देतानाच सांगतात, शांपूने केस धुऊन या, तेल लावू नका, आदल्या रात्री कमी झोपा. मग डोक्याला वीस-एकवीस वायरी चिकटवून अर्धा तास पडून राहायचं. शेवटी हातात एक रिपोर्ट पडतो, आणि त्याच्या तळाशी बहुतेक वेळा एक वाक्य असतं: क्लिनिकली कोरिलेट करा. म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले लॉग फाइली वाचून पोट भरतो. प्रोडक्शनला रात्री दोन वाजता काहीतरी फुटतं आणि समोर हजारो ओळी असतात. त्यातली खरी एरर कुठली आणि पहिल्या दिवसापासून येणारी निरुपद्रवी वॉर्निंग कुठली, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं. ते टीममधल्या जुन्या माणसाच्या डोळ्यांत असतं. ईईजीचा इतिहास वाचताना मला सारखं हेच जाणवत होतं. पहिल्या निरीक्षणापासून वापरण्याजोगं यंत्र बनेपर्यंत साठ वर्षं लागली. ते वाचायला शिकायला त्याहून जास्त लागली, आणि त्या शिकण्याच्या नादात काही माणसांची आयुष्यं इकडची तिकडे झाली. तर आज ती गोष्ट.

* * *

सुरुवात इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची. रिचर्ड केटन नावाचा एक डॉक्टर सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर दोन तारा टेकवून बसला होता. तारांचं दुसरं टोक गॅल्व्हनोमीटरला. त्या काळच्या गॅल्व्हनोमीटरला काटा नसायचा. इवलासा आरसा असायचा, आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर सरकायचा. ठिपका सरकला की वीज आहे. केटनला दिसलं की ठिपका सतत थोडाथोडा हलतोय, आणि सशाच्या एका डोळ्यावर प्रकाश पाडला की विरुद्ध बाजूच्या मेंदूतली वीज बदलते. १८७५ साली एडिंबरामध्ये डॉक्टरांच्या सभेत त्याने हे सांगितलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छोटीशी नोंद छापून आली. आणि... काहीच झालं नाही. कुणी फारसं लक्षच दिलं नाही. केटन पुढे लिव्हरपूलचा महापौर झाला.

पंधरा वर्षांनी पोलंडमधल्या क्राकोव शहरात अडोल्फ बेक नावाच्या तरुणाने सशांवर आणि कुत्र्यांवर तेच प्रयोग नव्याने केले. त्याला केटनबद्दल काहीच माहीत नव्हतं. १८९० साली त्याने एका जर्मन नियतकालिकात ते छापलं आणि गंमत सुरू झाली. व्हिएन्नाचा फ्लाइश्ल म्हणाला, हे तर मी आधीच शोधलंय, १८८३ सालीच सीलबंद पाकिटात अकादमीकडे जमा करून ठेवलंय! पाकीट उघडलं, खरंच निघालं. दोघांची जुंपलेली असतानाच १८९१ मध्ये केटनचं पत्र आलं. मजकूर थोडक्यात असा: महोदय, मी हे १८७५ मध्येच छापलेलं आहे. भांडण संपलं.

बेकने एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची टिपली होती. प्राणी शांत असताना वीज लयीत वरखाली होते, आणि प्रकाश किंवा आवाजाने त्याला डिवचलं की ती लय थांबते. म्हणजे मेंदू कामाला लागला की लाटा वाढत नाहीत, उलट मोडतात! हे पुढे परत येणार आहे. (बेक पुढे ल्वूव्हला प्राध्यापक झाला. ज्यू होता. १९४२ मध्ये नाझी त्याला न्यायला आले तेव्हा त्याने विष घेतलं.)

* * *

आता माणसाच्या मेंदूकडे. इथे येतो हान्स बर्गर, आणि हा माणूस अजब आहे.

१८९०च्या दशकाच्या सुरुवातीला, विशीच्या आसपासचा बर्गर जर्मन सैन्यात एक वर्षाच्या सेवेवर होता. कवायतीत त्याचा घोडा बिथरला आणि बर्गर घसरला तो थेट तोफेच्या गाड्यासमोर. गाडा अगदी शेवटच्या क्षणी थांबला. त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार: तू बरा आहेस ना? कित्येक मैलांवर असलेल्या त्याच्या बहिणीला अचानक वाटलं होतं की हान्सवर काहीतरी संकट आलंय, आणि तिनेच वडिलांना तार करायला लावली होती. बर्गरने याचा अर्थ एकच लावला: भीतीच्या क्षणी आपल्या मेंदूतून काहीतरी बाहेर पडलं आणि बहिणीपर्यंत पोचलं. मग त्याने आयुष्यभर एकच ध्यास घेतला. मनाची ऊर्जा मोजायची.

थोडक्यात काय, आज जगभरच्या हॉस्पिटलांत वापरली जाणारी ही चाचणी टेलीपथी सिद्ध करायच्या खटाटोपातून निघाली. टेलीपथी काही सापडली नाही.

बर्गर येना शहरातल्या मनोरुग्णालयात लागला आणि पुढे तिथलाच प्रमुख झाला. दिवसभर काटेकोर, अबोल, घड्याळाच्या काट्यावर चालणारा साहेब, आणि संध्याकाळी एका खोलीत स्वतःला कोंडून घेऊन गुपचूप प्रयोग करणारा माणूस. वीजशास्त्राचं ज्ञान बेताचंच. ६ जुलै १९२४ रोजी, मेंदूत गाठ असल्याच्या संशयावरून कवटीची शस्त्रक्रिया झालेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर त्याने इलेक्ट्रोड लावले. कवटीत जिथे फट होती तिथे गॅल्व्हनोमीटरची तार किंचित थरथरली.

मग त्याने काय करावं? दुसऱ्या दिवशी पेपर लिहावा. बर्गरने पाच वर्षं एक अक्षर छापलं नाही! ही पाच वर्षं मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी वाटतात. कारण त्या काळात तो एकच प्रश्न विचारत होता: हे खरंच मेंदूतून येतंय का? कातडीखालच्या रक्तवाहिन्यांच्या ठोक्याने असेल का? स्नायूंमुळे? हृदयामुळे? इलेक्ट्रोडच हलतोय का? प्रत्येक शक्यता तो एकेक करून बाद करत गेला. मेंदूच्या रेघेसोबत हृदयाची रेघ आणि वेळेच्या खुणाही नोंदवल्या, म्हणजे दोन्ही ताडून बघता येतील. आपला मुलगा क्लाउस याच्या सत्तरहून अधिक नोंदी घेतल्या. (बापाच्या प्रोजेक्टसाठी टेस्ट यूझर होण्याची परंपरा जुनी आहे.) स्वतःचं डोकंही वापरलं.

१९२९ साली अखेर त्याचा पेपर आला. त्यात दोन प्रकारच्या लाटा होत्या. सेकंदाला साधारण दहा वेळा वरखाली होणाऱ्या मोठ्या आणि त्याहून वेगवान, छोट्या. पुढे त्याने त्यांना अल्फा आणि बीटा म्हटलं, ती नावं आजही चालतात. डोळे मिटले की अल्फा येतात, उघडले की जातात. बेकच्या सशांत दिसलेली गोष्ट माणसातही तशीच दिसली.

प्रतिक्रिया? बहुतेकांचा विश्वासच बसला नाही. मेंदूत अब्जावधी पेशी, प्रत्येक आपापल्या तालावर, आणि त्या सगळ्यांची मिळून इतकी साधी, गुळगुळीत लाट? यंत्राचीच काहीतरी गडबड असणार. शिवाय येनाच्या या प्राध्यापकाला शरीरशास्त्राच्या वर्तुळात ओळखत कोण होतं?

बाजी पलटली ती केंब्रिजमध्ये. एडगर एड्रियन हा नोबेलविजेता शास्त्रज्ञ आणि त्याचा सहकारी मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये बर्गरचा प्रयोग करून पाहिला. एड्रियनने स्वतःच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले, डोळे मिटले, आणि समोर सुंदर अल्फा लाटा. मॅथ्यूजच्या डोक्यातून मात्र धड काही निघेना! निरोगी माणसामाणसांत इतका फरक असू शकतो, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला होता, पण तो नीट पचायला पुढे चाळीस वर्षं गेली. असो. त्या दोघांनी शरीरशास्त्रज्ञांच्या सभेत हे जाहीरपणे करून दाखवलं. सोबत एका पाणकिड्याच्या मेंदूतली तशीच लयही दाखवली. लाटेला त्यांनी मोठ्या मनाने नाव दिलं, बर्गरची लय.

* * *

इथे थांबून बर्गरबद्दल एक कडवट गोष्ट सांगायला हवी, कारण जुन्या लेखांत ती सापडत नाही.

१९४१ साली बर्गरने आत्महत्या केली. त्यानंतर अनेक वर्षं त्याची प्रतिमा होती ती नाझी राजवटीने छळलेल्या भल्या शास्त्रज्ञाची. २०१४ मध्ये काही न्यूरॉलॉजिस्टांनी येनामधली कागदपत्रं तपासून लेख लिहिला आणि चित्र बदललं. बर्गर एसएसला नियमित वर्गणी देणारा सदस्य होता आणि येनामधल्या 'आनुवंशिक आरोग्य' अपील न्यायालयात बसत होता. हे न्यायालय काय करायचं? १९३३च्या कायद्यानुसार जर्मनीत ठरावीक आजार असलेल्यांची सक्तीने नसबंदी केली जायची. सुमारे चार लाख माणसांची झाली. त्याविरुद्ध कुणी अपील केलं तर निकाल या न्यायालयाने द्यायचा. आणि त्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत एक नाव होतं, आनुवंशिक अपस्मार.

म्हणजे बघा. अपस्मार म्हणजे मेंदूतल्या विजेचा बिघाड, हे डोळ्यांना दाखवू शकणारं यंत्र ज्याने दिलं, तोच माणूस अशा न्यायालयात बसत होता. पाच वर्षं स्वतःच्या सिग्नलवर शंका घेणाऱ्याने सरकारी यादीवर शंका घेतली नाही. यावर मी अजून काय लिहू...

* * *

आता अटलांटिक ओलांडून बोस्टनला. १९३४-३५ मध्ये हार्वर्डमध्ये एक टोळी जमली: हॅलोवेल डेव्हिस, फ्रेडरिक गिब्ज, त्यांच्या पत्नी एर्ना गिब्ज आणि अपस्माराचे डॉक्टर विल्यम लेनॉक्स. त्यांनी अशा मुलांच्या नोंदी घेतल्या जी बोलताबोलता मध्येच काही सेकंद हरवतात. शाळेत मास्तर म्हणतात, लक्ष नाही. घरी म्हणतात, तंद्री लागलीय. त्या काही सेकंदांत कागदावर जे उमटलं ते पाहून सगळे चाट पडले. एक टोकदार काटा आणि एक गोल लाट, परत काटा, परत लाट, सेकंदाला तीन वेळा, डोक्याच्या सगळ्या भागांत एकदम. मूल भानावर आलं की रेघ पुन्हा जशीच्या तशी. १९३५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हजारो वर्षं ज्याला भूतबाधा, शाप, देवीचा कोप म्हटलं गेलं, आणि ज्यावर आपल्याकडे अजूनही कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, त्याची सही पहिल्यांदा कागदावर आली.

पण एका चॅनलने भागत नव्हतं. गिब्जना एकाच वेळी अनेक जागा नोंदवणारं, शाईने सलग लिहिणारं यंत्र हवं होतं. ते बनवलं एमआयटीतून शिकलेल्या आल्बर्ट ग्रास नावाच्या तरुण इंजिनिअरने. १९३५चं 'ग्रास मॉडेल वन', तीन चॅनलचं. पुढे त्याने आणि त्याच्या बायकोने, एलनने, कंपनी काढली आणि कित्येक दशकं 'ग्रास' हे नाव ईईजीच्या खोल्यांमध्ये घरचं झालं. इतिहासात डॉक्टरांची नावं मोठ्या अक्षरात येतात, पण अँप्लिफायर बनवणारा कुणीतरी आपल्यातलाच असतो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. :-)

त्याच सुमारास लंडनमध्ये ग्रे वॉल्टरने (हाही डॉक्टर नव्हे) १९३६ मध्ये दाखवलं की मेंदूत गाठ असेल तर तिच्या आसपासचा भाग अतिशय संथ लाटा सोडतो. त्यांना त्याने डेल्टा म्हटलं. सीटी स्कॅन यायला अजून पस्तीस वर्षं होती. कवटी न उघडता गाठ कुठे आहे याचा अंदाज येणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट असेल!

* * *

यंत्रं झाली. मग अडचण आली ती आपल्याला अगदी ओळखीची: स्टँडर्ड नाही. बोस्टनवाले इलेक्ट्रोड एका जागी लावतात, लंडनवाले दुसरीकडे. एकाची नोंद दुसऱ्याला वाचता येत नाही. १९४७ साली लंडनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं की यावर काहीतरी करायला हवं. काम आलं माँट्रियलच्या हर्बर्ट जॅस्परकडे. त्याची 'टेन-ट्वेंटी' पद्धत १९५८ मध्ये छापून आली आणि जगभर आजही तीच चालते.

या पद्धतीची युक्ती मला फार आवडते. लोकांची डोकी लहानमोठी, मग सेंटिमीटरमध्ये जागा कशा सांगणार? जॅस्पर म्हणाला, टक्क्यांत सांगा. नाकाच्या मुळाशी खळगा असतो तिथून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावा. समजा ३६ सेंटिमीटर भरलं. पहिली खूण १० टक्क्यांवर, ३.६ सेंटिमीटर. पुढच्या खुणा २० टक्क्यांच्या अंतराने, म्हणजे ७.२ सेंटिमीटरवर. तिसरी खूण बरोबर मध्यावर, १८ सेंटिमीटरला, टाळूच्या जागी. तसंच एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. डावीकडच्या इलेक्ट्रोडना विषम आकडे, उजवीकडच्यांना सम. तान्ह्या बाळाचं डोकं असो की पैलवानाचं, जागा तीच.

आणि हे टेप लावून मोजायचं काम कुणाचं? टेक्निशियनचं. ईईजी 'करणं' आणि ईईजी 'वाचणं' ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि दुसरं पहिल्यावर उभं आहे. केस बाजूला करून कातडी हलकेच घासायची, पेस्ट लावायची, संपर्काचा रोध पुरेसा कमी होतोय का बघायचं. म्हणून ते तेल नको म्हणतात. मग मिटा डोळे, उघडा डोळे, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्या, लुकलुकणारा दिवा बघा, जमलं तर झोपा. यातली प्रत्येक सूचना म्हणजे एकेक टेस्ट केस आहे. जोरात श्वास घ्यायला लावला की हरवणाऱ्या मुलाचा झटका बऱ्याचदा तिथेच, खोलीतच येतो. आणि या सगळ्यात टेक्निशियन पेशंटकडे बघत कागदावर लिहीत असतो: इथे खोकला, इथे पापणी लवली, इथे जबडा आवळला. या कॉमेंट्स नसतील तर पुढे वाचणाऱ्याचं काही खरं नाही.

कारण डोक्यावरचा इलेक्ट्रोड फक्त मेंदूचं ऐकत नाही. डोळ्याचं बुबुळ म्हणजे एक छोटी बॅटरीच आहे, पुढची बाजू धन. पापणी लवली की बुबुळ वर फिरतं आणि कपाळावरच्या चॅनलमध्ये मोठी दरी पडते. दात आवळले की काळा ढग. घाम आला की रेघा डुलायला लागतात. नाडीवर इलेक्ट्रोड आला की दर ठोक्याला टेकडी. आणि कायमचा पाहुणा, विजेच्या लाइनचा ५० हर्ट्झ.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे जेली! १९७०च्या दशकात कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात एड्रियन अपटन या न्यूरॉलॉजिस्टने अतिदक्षता विभागात एका जेलीच्या गोळ्याला इलेक्ट्रोड लावले. होय, मुलं खातात ती, लिंबाच्या चवीची. रेघ सपाट आली नाही. शेजारच्या यंत्रांचे, माणसांच्या हालचालींचे सिग्नल उचलून ती लाटा दाखवू लागली. गंमत वाटते, पण प्रश्न जीवनमरणाचा होता. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले होते आणि सपाट ईईजीला त्यात मोठं वजन होतं. अतिदक्षता विभागात जेलीसुद्धा 'जिवंत' दिसू शकते, मग सपाट म्हणायचं कशाला? म्हणूनच अशा नोंदीसाठी वेगळे, कडक नियम आहेत: इलेक्ट्रोडमधलं किमान अंतर, जास्त संवेदनशीलता, किमान तीस मिनिटं, आणि टेक्निशियनने प्रत्येक इलेक्ट्रोड बोटाने टिचकावून पाहणं, की हा खरंच जोडलेला आहे ना.

* * *

आता वाचन. कागदाच्या जमान्यात कागद सेकंदाला ३० मिलिमीटर सरकायचा. वीस मिनिटांच्या नोंदीचा कागद ३६ मीटर! शिकाऊ डॉक्टर ज्येष्ठांच्या शेजारी बसून तो गठ्ठा पान पान उलटायचे. फ्रेडरिक आणि एर्ना गिब्ज यांनी १९४१ मध्ये काढलेला ईईजीचा अ‍ॅटलास हा या शिक्षणाचा पहिला मोठा ग्रंथ. सूत्रं कमी, नमुने जास्त. भूमिका सरळ होती: बघा, बघा आणि बघा, डोळा तयार होईल.

एक युक्ती मात्र सांगतो, आपल्या डोक्यात लगेच बसेल अशी. ईईजीचं प्रत्येक चॅनल म्हणजे दोन जागांमधला फरक. आपल्या भाषेत डिफ. समजा ओळीने तीन इलेक्ट्रोड आहेत, क, ख, ग. पहिलं चॅनल क वजा ख, दुसरं ख वजा ग. आणि रिवाज असा की ऋण म्हणजे वर. (का? तशीच प्रथा पडली. लेगसी कोड.) आता ख च्या खाली मेंदूत एक ऋण ठिणगी उडाली. पहिल्या चॅनलमध्ये ख वजा होतोय, म्हणून रेघ खाली जाईल. दुसऱ्यात ख आधी येतोय, म्हणून रेघ वर. दोन्ही टोकं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि त्यांच्यामध्ये ख असतो. गुन्हेगार सापडला. याला फेज रिव्हर्सल म्हणतात. ईईजी वाचायला शिकणारा प्रत्येक जण हे आधी शिकतो.

आणि लगेच पुढचा धडा शिकावा लागतो: प्रत्येक टोकदार गोष्ट गुन्हेगार नसते.

हा धडा शिकायला फार वेळ लागला. १९५१ मध्ये खुद्द गिब्ज दांपत्याने झोपेतल्या नोंदींत एक नमुना टिपला, सेकंदाला १४ आणि ६ या गतीचे धन काटे. ज्यांच्यात तो दिसला त्यांना डोकेदुखी होती, पोटदुखी होती, रागाचे झटके होते. झालं, हा आजाराचा नमुना ठरला. गफलत कुठे होती? ईईजीला येतंच कोण, ज्याला काहीतरी त्रास आहे तो! १९६६ मध्ये एका अभ्यासात निरोगी, काहीही त्रास नसलेल्या किशोरवयीन मुलग्यांची झोपेतली नोंद घेतली, तर निम्म्याहून अधिक मुलांत हेच काटे सापडले. नियंत्रण गट म्हणजे काय आणि तो का लागतो, हे समजवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अशा निरुपद्रवी नमुन्यांची यादी नंतर वाढत गेली. 'विकेट' नावाचे कमानीसारखे काटे तर १९७७ मध्ये वेगळे ओळखले गेले. मधल्या काळात असे काटे दाखवून किती जणांना अपस्माराचा शिक्का बसला असेल?

शिक्का म्हणजे नुसत्या गोळ्या नव्हेत. आपल्याकडचंच बघा. हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने अपस्माराचे झटके वारंवार येणं ही लग्नाला अपात्रता ठरली. तो शब्द कायद्यातून निघाला १९९९ साली. तेवीस वर्षं! वाहन परवान्याच्या फॉर्मवर अपस्माराचा प्रश्न असतो. स्थळं बघताना तर फॉर्मही लागत नाही, शेजारणीची कुजबुज पुरते. कुणाच्या तरी थकलेल्या डोळ्यांनी पापणीच्या लवण्याला 'स्पाइक' म्हटलं, तर एखाद्या मुलीचं लग्न, एखाद्याची नोकरी त्यावर अडकू शकते.

आकडेही हेच सांगतात. अपस्मार असलेल्या माणसाची पहिली साधी ईईजी केली तर साधारण निम्म्या वेळा त्यात काहीच सापडत नाही. म्हणजे नॉर्मल रिपोर्टने अपस्मार नाही असं सिद्ध होत नाही. उलट बाजूने, ब्रिटिश हवाई दलाच्या १३,६५८ निरोगी तरुणांच्या तपासणीत (१९९३ मध्ये प्रसिद्ध) ६९ जणांच्या नोंदीत खरेखुरे अपस्मारासारखे काटे होते, आणि पुढे ज्यांचा माग ठेवता आला त्यांच्यापैकी फक्त एकाला अपस्मार झाला. औषधांना दाद देत नाही म्हणून मोठ्या केंद्रांत पाठवलेल्या पेशंटपैकी सुमारे पाव लोकांना मुळात अपस्मार नसतोच, हे वेगवेगळ्या देशांत दिसून आलंय, आणि त्यामागच्या कारणांत चुकीची वाचलेली ईईजी हे एक नेहमीचं कारण आहे. फॉल्स पॉझिटिव्ह, पण माणसांच्या आयुष्यातला.

* * *

वाचनाचा हा मोह किती दूर जाऊ शकतो याचं एक उदाहरण आपल्या पुण्यातलंच. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दिलेल्या निकालात, ईईजीवर आधारलेल्या एका चाचणीचा पुरावा म्हणून आधार घेतला. डोक्याला इलेक्ट्रोड लावून आरोपीला गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि सॉफ्टवेअरने सांगायचं की हिच्या मेंदूत त्या 'अनुभवाची' आठवण आहे. जगभर बातमी झाली. त्याच वर्षी निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्राच्या कसोटीवर उतरत नसल्याचं सांगितलं. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की अशा चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत.

बर्गरला मनाची ऊर्जा मोजायची होती. त्याला सापडली ती फक्त लय. ऐंशी वर्षांनी कुणीतरी त्याच लयीतून परत मन वाचायला निघालं होतं.

आता अर्थातच एआय आलाय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक मॉडेल तीस हजारांहून जास्त नोंदींवर शिकवलेलं आहे, आणि त्याच्या चाचणीत साध्या ईईजीचं वर्गीकरण त्याने तज्ज्ञांच्या तोडीने केलं. जिथे न्यूरॉलॉजिस्ट शंभर किलोमीटरवर आहे तिथे याचा खरोखर उपयोग होईल असं मला वाटतं. पण ते मॉडेल शिकलं कुणाकडून? माणसांनी लावलेल्या लेबलांवरून. आणि टेप नीट लावला नसेल, केसांत तेल असेल, खोकल्याची नोंद केली नसेल, तर मॉडेललाही जेलीच वाचावी लागणार.

म्हणून ते 'क्लिनिकली कोरिलेट करा' मला आता हात झटकणं वाटत नाही. ती या दीडशे वर्षांची कमाई आहे. रेघ एकटी काही सांगत नाही. झटका पाहणाऱ्याने काय पाहिलं, तो किती वेळ होता, आधी काय झालं, डोळे उघडे होते की मिटलेले, हे त्या रेघेशेजारी ठेवावं लागतं. तेव्हा घरात, ऑफिसात, लोकलमध्ये कुणाला झटका आला तर चप्पल-कांदा शोधू नका, तोंडात काही कोंबू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ लावा. आणि त्या माणसाचा मान राखून, त्याच्या डॉक्टरला दाखवण्यापुरता, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. मी वाचलं-विचारलं त्यावरून सांगतो, चांगल्या न्यूरॉलॉजिस्टला तो एका मिनिटाचा व्हिडिओ कित्येकदा वीस मिनिटांच्या ईईजीपेक्षा जास्त सांगून जातो.

आणि फॉरवर्ड मात्र करू नका. असो, आजच्यापुरतं एवढंच.